माहितीपर लेखनातील कल आणि मराठीचे क्रियापद

माहितीपर लेखनात लेखकाचा कल ओळखावयास विद्यार्थ्यांस शिकविले पाहिजे, याविषयी आपल्या विभागांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते कसे शिकवावे याविषयी. पदवी घेऊन आमच्याकडे येणारा विद्यार्थी एक साधी रीत शिकून आलेला असतो : उतारा वाचावा, त्यातील विशेषणांखाली रेघ ओढावी, वस्तुस्थिती एका रकान्यात व मत दुसऱ्या रकान्यात लिहावे, आणि दुसरा रकाना भरला तर लेखक पक्षपाती ठरवावा. ही रीत इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आली आहे आणि वर्तमानपत्रातील अग्रलेखापुरती ती चालते. परंतु चौकशी आयोगाचा अहवाल, गॅझेटियर, सर्वेक्षण, जनगणनेची प्रस्तावना असा मजकूर पुढे ठेवला की विद्यार्थ्याची पेन्सिल थांबते. तेथे विशेषणे थोडी असतात, म्हणून तो मजकूर निःपक्षपाती असल्याचा निर्वाळा तो देऊन टाकतो. वस्तुतः ज्या लेखनावर आपले प्रबंध उभे राहतात ते बहुतेक याच जातीचे असते.

मराठीत वाचल्या जाणाऱ्या आणि मराठीत लिहिल्या जाणाऱ्या माहितीत कल विशेषणापेक्षा क्रियापदात अधिक असतो. कोणते क्रियापद, त्याचा कोणता प्रयोग आणि कर्त्यासाठी कोणते वचन, या तीन ठिकाणी तो शोधावा लागतो. म्हणून हे शिक्षण मराठी व्याकरणाच्या आधारानेच दिले पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे. उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील १८७५ चे प्रकरण त्यासाठी पुरेसे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. पूर्वग्रह, पक्षपात, अभिनिवेश आणि कल हे चार शब्द विद्यार्थी एकमेकांच्या जागी वापरतात. पूर्वग्रह मनात असतो, पक्षपात कृतीत असतो, अभिनिवेश आवेशात दिसतो. कल मात्र मजकुरात असतो आणि लेखकाचे मन न जाणताही तो दाखविता येतो. लेखक अत्यंत प्रामाणिक असूनही त्याच्या वाक्यांस कल असू शकतो. वर्गात म्हणूनच मी हाच शब्द वापरतो; लेखकाच्या हेतूचा निवाडा करण्याचे काम त्यामुळे टळते. उघड कल ओळखण्यास शिक्षणाची फारशी गरज नसते, हेही ध्यानात घ्यावे. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात सुरू केलेले 'ज्ञानोदय' घेतले तर त्यातील भूगोल वा खगोलाची माहितीसुद्धा ख्रिस्ती धर्माच्या प्रचारार्थ चालणाऱ्या पत्रातील आहे, हे वाचकास मुखपृष्ठापासूनच ठाऊक असते आणि तो त्या हिशेबाने वाचतो. अडचण येते ती स्वतःची बाजू कोठेच न सांगणाऱ्या मजकुराची.

१८७५ ची हकीकत थोडक्यात अशी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि त्या बळावर दख्खनच्या कुणब्यास कर्ज सहज मिळू लागले. पुढे भाव कोसळले, कर्ज आटले, आणि त्याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणीही काही तालुक्यांत होऊन गेली होती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर बाबासाहेब देशमुख यांच्या घरावर हात घातला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमावाने सावकारांची घरे व दुकाने गाठली आणि मिळतील ती खते व वह्या जाळल्या. लवकरच हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांतील गावांत पोहोचले. बहुतेक ठिकाणी जमावाचा रोख कागदांवर होता. माणसांवर हल्ले क्वचित झाले. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचा अहमदनगरविषयक सतरावा खंड १८८४ चा आहे. आमचे विद्यार्थी ही हकीकत बहुधा या दोन ग्रंथांतून, किंवा त्यांवर आधारलेल्या मराठी पुस्तकांतून घेतात.

आता या हकीकतीस नाव काय द्यावे? इंग्रजी कागदांतील शब्दाचा मराठी पर्याय 'दंगा'. तो कायद्याचा शब्द आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत पाच वा अधिक माणसांच्या बेकायदेशीर जमावाने बळाचा वापर केला की तो दंगा होत असे. न्यायाधीशापुढे जे सिद्ध करावयाचे तेच नाव इतिहासास मिळाले. नंतरच्या मराठी लेखनात 'उठाव' आला, 'बंड' आला. दंगा म्हटले की घटना मे महिन्यात सुरू होते आणि पोलीस आल्यावर संपते. करडे येथील बहिष्कार त्यात बसत नाही, कारण बहिष्कारात कोणी दगड उचलला नव्हता. उठाव म्हटले की तोच बहिष्कार पहिले प्रकरण बनतो. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व इतिहासकारांनी फुगविले असल्याचे मांडले आणि शीर्षकातच या साऱ्या प्रकरणास दंतकथा म्हटले. तेही नामकरणच होय. नाव घटनेची सीमा आखते, एवढे विद्यार्थ्यास दिसले तरी पुष्कळ झाले. (जिल्ह्याच्या नावाचेही असेच. १८७५ चा जिल्हा कागदोपत्री अहमदनगर, २०२४ पासून तो अहिल्यानगर, आणि पारनेरच्या एस. टी.त बसणारा माणूस नुसतेच 'नगर' म्हणतो. प्रबंधात तिन्हींपैकी कोणते लिहावे असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा ज्या काळाविषयी लिहीत आहात त्या काळचे लिहा, एवढेच मी सांगतो.)

नाव विद्यार्थ्याच्या लवकर ध्यानात येते. क्रियापद येत नाही, म्हणून त्यावर मी अधिक वेळ घालवितो.

इंग्रजी पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते की कर्ता दडवावयाचा असला म्हणजे लेखक कर्मणी प्रयोग वापरतो. टोनी ट्र्यू यांनी १९७५ मध्ये ऱ्होडेशियातील सॉल्झबरी येथे झालेल्या गोळीबाराच्या इंग्रजी वृत्तपत्रांतील बातम्या तपासून पोलीस हा कर्ता वाक्यांतून कसा मागे सरत गेला हे दाखविले. १९७९ मधील ते विवेचन प्रसिद्ध आहे, आणि तेथेही 'दंगा' हाच शब्द मध्यवर्ती होता हा योगायोग नव्हे. परंतु हा नियम मराठीस जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो. 'कुणब्यांनी खते जाळली' हे वाक्य आपल्या व्याकरणाप्रमाणे कर्मणी प्रयोगाचे आहे, आणि तरी त्यात कर्ता डोळ्यांसमोर उभा आहे. भूतकाळातील सकर्मक क्रियापदाचा हा आपला नित्याचा प्रयोग. शाळेत 'कर्मणी' ही संज्ञा शिकलेला विद्यार्थी हे वाक्य पाहून कर्ता दडविल्याची खूण करतो, तेव्हा चूक त्याची नसून उसन्या नियमाची असते.

मराठीत कर्ता दडतो तो अन्य मार्गांनी. एक मार्ग नवीन कर्मणीचा, ज्यास काही वैयाकरण कर्मकर्तरी म्हणतात : 'खते जाळली गेली'. दुसरा कचेरीच्या मराठीत फोफावलेला : 'खते जाळण्यात आली'. या दोहोंत कर्ता निदान विचारता येतो. कोणाकडून जाळली गेली, असा प्रश्न वाक्य स्वतःच उभा करते. तिसरा मार्ग सर्वांत सोपा, सर्वांत जुना आणि म्हणूनच सर्वांत कमी लक्षात येणारा आहे. आपल्या भाषेत क्रियापदांच्या जोड्या आहेत : जळणे आणि जाळणे, फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे. जोडीतील पहिले क्रियापद वापरले की कर्ता दडत नाही, तो मुळी नसतोच. 'खते जळाली' या वाक्यास 'कोणी?' असा प्रश्न लागू पडत नाही. स्वयंपाकघरात हातून कपबशी पडली की आपण सर्वच 'कप फुटला' म्हणतो.

या दृष्टीने १८७५ विषयीची मराठी वाक्ये वाचावी. 'सारा वाढला.' 'कर्ज वाढत गेले.' 'कुणब्याची जमीन सावकाराकडे गेली.' तिन्ही वाक्ये खरी आहेत, तिन्हींत एकही विशेषण नाही, आणि तिन्हींत कोणी काही केलेले नाही. जमीन जणू आपल्या पायांनी चालत गेली. आता सकर्मक रूपे घालून पाहावे : सरकारने सारा वाढविला, सावकाराने व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेतले, न्यायालयाने हुकूमनामा दिला आणि त्यावर सावकाराने जमीन घेतली. एका 'गेली'मध्ये सावकार, न्यायालय व कायदा हे तिघेही सामावले होते. मौज अशी की ज्या परिच्छेदात 'सारा वाढला' असते त्याच परिच्छेदात पुढे 'कुणब्यांनी घरे फोडली' असे सापडते. म्हणजे एका बाजूची कृत्ये घडतात आणि दुसऱ्या बाजूची केली जातात. अशी विषम वाटणी विद्यार्थ्याने एकदा स्वतः मोजली की विशेषणांखालच्या रेघा तो आपोआप सोडून देतो.

या प्रकरणात ही वाटणी केवळ शैलीची बाब नव्हती. सारा हे कारण होते काय, हाच वादाचा मुख्य प्रश्न होता. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दंग्यांच्या आधीच साऱ्याच्या आकारणीविषयी तक्रार मांडली होती. आयोगाने बहुतांश दोष सावकारी व्यवहारास आणि त्यास पाठबळ देणाऱ्या कायद्यास दिला, सरकारी मागणीस प्रमुख कारण मानले नाही. आयोगाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र स्वतंत्र टिपण लिहून साऱ्याकडे बोट दाखविले. सरकारने नेमलेल्या आयोगात सरकार हा कर्ता किती वाक्यांत आला आणि किती वाक्यांतून गळला, हे पाहणे म्हणजे निष्कर्षाकडे जाणारी वाट पाहणे होय.

आकडेही निर्विकार नसतात. नगर जिल्ह्यात ३९२ जणांस अटक झाली आणि त्यांपैकी २०० जणांस शिक्षा झाली. 'जिल्ह्यात ३९२ दंगेखोर पकडले गेले' असे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि त्यात खोटे काय आहे असे विचारतो. आकडा बरोबर आहे. परंतु १९२ माणसे सुटली होती, आणि हे वाक्य त्यांनाही दंगेखोर म्हणून मोकळे होते. हे उत्तर वर्गातून येण्यास बहुधा पाच मिनिटे लागतात.

तिसरे ठिकाण वचनाचे, आणि येथे जबाबदारी मूळ लेखकावरून आपल्यावर येते. मराठीत एका व्यक्तीविषयी भूतकाळातील वाक्य लिहावयाचे तर 'म्हणाला' की 'म्हणाले' हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्रजीत हा प्रश्न नाही. तेव्हा इंग्रजी अहवाल मराठीत आणताना आदर कोणास द्यावयाचा हे अनुवादक ठरवितो, आणि तो कल मूळ ग्रंथाच्या माथी मारता येत नाही. मी अहवालाच्या धाटणीची, परंतु स्वतः रचलेली चार इंग्रजी वाक्ये वर्गात अनुवादासाठी देतो. एकात कलेक्टर काही सांगतो, दुसऱ्यात देशमुख, तिसऱ्यात सावकार आणि चौथ्यात कुणबी. क्रियापद चारही वाक्यांत एकच. कलेक्टर बहुतेक सर्वांच्या वहीत 'म्हणाले' होतात. देशमुखही 'म्हणाले'. सावकाराविषयी वर्गात दोन तट पडतात. कुणबी मात्र 'म्हणाला'. हे लिहिणाऱ्यांत पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांच्या मुली आणि मुले असतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. एका विद्यार्थिनीने वही पाहून म्हटले, "सर, माझ्या आजोबांना मी घरी कधी 'म्हणाला' म्हणत नाही." त्या तासाला मला फारसे बोलावे लागले नाही.

हाच विचार आपल्या इतिहासलेखनावर फिरवून पाहण्यासारखा आहे. चौंडीस १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई सर्वत्र 'अहिल्याबाईंनी' असतात. १५९५-९६ च्या वेढ्यात नगरचा भुईकोट लढविणारी चांदबीबी मात्र 'चांदबीबीने' अशीच बहुधा येते. मीही हे वाक्य लिहिताना तसेच लिहिले. नावातील 'बाई' हा प्रत्यय अनेकवचन ओढून आणतो हे अर्धे उत्तर झाले. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मलिक अंबरविषयीची मराठी पुस्तके वाचावी. अंबरच्या हयातीत जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख शिवी जोडल्यावाचून सहसा करीत नाही. त्याच दरबारच्या मुतमद खानाने मात्र अंबरच्या मृत्यूनंतर त्याची मोकळ्या मनाने स्तुती लिहून ठेवली. फारसी बखरकारास आदर दाखविण्यासाठी वेगळे शब्द योजावे लागले. आपल्याकडे ते काम 'त्याने' आणि 'त्यांनी' यांतील एक अनुस्वार करतो.

विद्यार्थ्यांस सर्वांत कठीण जाते ते सहानुभूतीतील कल ओळखणे. तत्कालीन सरकारी लेखनात कुणब्याचे चित्र प्रेमळ आहे : तो कष्टाळू आहे, साधा आहे, अडाणी आहे, उद्याची तरतूद न करणारा आहे. सावकार परका आणि धूर्त आहे. हे वाचून विद्यार्थी लेखक शेतकऱ्याच्या बाजूचा असल्याचे लिहितात. परंतु अडाणी मनुष्य स्वतःचे गाऱ्हाणे स्वतः मांडू शकत नाही. त्यास पालक लागतो, आणि पालकाची जागा त्या लेखनात रिकामीच ठेवलेली असते. बहिष्काराची आखणी करणारा गाव आणि उद्याची तरतूद न कळणारा कुणबी, ही दोन चित्रे एका वेळी खरी असणे अवघड आहे. शिवाय 'मारवाडी' आणि 'गुजर' ही नावे तेथे व्यवसायाच्या जागी वापरली जातात, म्हणजे व्याजाचा दर जातीचा गुण बनतो. त्या दुकानदारांची बाजू आपल्यापर्यंत आली आहे ती प्रामुख्याने फिर्यादींतून व साक्षींतून. घरादारांसमोर वह्या जळताना त्यांस काय वाटले असेल ते अहवालाच्या निष्कर्षांत फारसे डोकावत नाही. नगर शहरातील त्या समाजाची मुलेही माझ्या वर्गात बसतात. हा पाठ घेताना त्यांच्याकडे पाहून मी पुष्कळदा वाक्य बदलले आहे, हे कबूल करतो.

या पद्धतीवर आक्षेप आहेत. हेन्री विडोसन यांनी अशा विश्लेषणावर घेतलेला आक्षेप असा की विश्लेषक जे शोधावयास निघतो तेच त्यास सापडते. कर्ता गाळलेल्या प्रत्येक वाक्यामागे कारस्थान नसते. हे खरे आहे. 'पाऊस पडला' यात कोणी कोणास पाठीशी घातलेले नाही. म्हणून एकट्या वाक्यावर निवाडा देऊ नये. दोन बाजूंच्या कृत्यांसाठी एकाच लेखकाने दोन प्रकारची क्रियापदे सातत्याने योजली आहेत काय, हे पाहावे. याहून मोठा धोका निराळाच आहे. दोन महिन्यांत विद्यार्थी हुशार होतो आणि सर्वच लेखन पक्षपाती ठरवून ग्रंथ मिटून ठेवतो. हा आळस आहे, आणि तो विद्वत्तेच्या वेषात येतो म्हणून अधिक वाईट. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी सरकारी धोरणावर टीका केली ती मोठ्या प्रमाणात सरकारच्याच आकड्यांच्या आधाराने. आयोगाच्या अहवालास जोडलेल्या साक्षी आणि तक्ते आयोगाच्या निष्कर्षाविरुद्ध वापरता येतात, आणि इतिहासकारांनी ते तसे वापरलेही आहेत. कल कळला म्हणजे ग्रंथ निकामी होत नाही. कोठे काटा किती झुकतो हे कळल्यावर त्याच तराजूने वजन करता येते.

अध्यापकाचा काटाही झुकतोच. दोन वर्षांपूर्वी या विषयाच्या पहिल्याच तासास मी फळ्यावर मथळा लिहिला : '१८७५ चा उठाव'. नामकरणाचा भाग शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला की मथळा कोणी ठरविला. तो पुसून मी '१८७५ : सुपे ते श्रीगोंदे' असे लिहिले. तेही पूर्ण निर्दोष नाही, कारण सुप्यापासून आरंभ केला की करडे पुन्हा बाहेर राहते.

याच वर्गातील एका विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाविषयी सांगून थांबतो. विषय जिल्ह्यातील एका भटक्या जमातीच्या बोलीचा होता आणि विद्यार्थी त्याच जमातीचा होता. पहिल्या प्रकरणात त्याने लिहिले होते की ही जमात गुन्हेगारी वृत्तीची म्हणून ओळखली जाते. वाक्य जुन्या सरकारी ग्रंथांतून मराठी पुस्तकांत व तेथून त्याच्या वहीत आले होते. त्या ग्रंथांत जातीजमातींच्या वर्णनाबरोबर त्यांच्या स्वभावाचे दाखले देण्याची पद्धतच होती. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानापुरता आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या नव्या कायद्याने इतर प्रांतांसही लावता येऊ लागला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. वाक्य मात्र रद्द झाले नाही. मी त्यास एवढेच विचारले की 'ओळखली जाते' या क्रियापदाचा कर्ता कोण. त्याने वही परत नेली. पुढच्या आठवड्यात त्या जागी तीन वाक्ये होती : अमुक साली सरकारने या जमातीचे नाव गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले, यादीत नाव असलेल्या माणसांस पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, १९५२ मध्ये सरकारने ती यादी रद्द केली. पहिल्या वाक्यातील 'अमुक' साल शोधण्यासाठी तो सध्या पुण्याच्या अभिलेखागारात खेपा घालीत आहे.